चांगो शिपायाची पेन्शन

भात झोडून झालंय, गोण्या भरल्यात आणि राखणीला पहाटेपर्यंत बसायचंच आहे, तर ऐका. पण अट एकच. ज्याची ही गोष्ट, तो कमलेश मंडपवाला तुमच्याआमच्यात हिंडता-फिरता आहे. उद्या त्याला गाठून विचारायचं नाही. त्याने ही मला एकट्याला सांगितली, आणि मंडपाचे लोखंडी खांब एका हाताने उचलणारा तो बाप्या सांगताना थरथरत होता.

गेल्या कार्तिकातली अमावस्या. गुरुवार होता. कमलेश संध्याकाळी बाईक काढून नेरळला गेला, तो एक कागद फ्रेम करून आणायला. काम म्हणाल तर एवढंच.

पण तो कागद साधा नव्हता. आपल्या शाळेसमोर चांगो शिपायाचा काळा दगड आहे ना, तो तेव्हा बसायचा होता. चांगो मराठा पलटणीत होता, दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेला आणि तिकडेच कामी आला. तेव्हापासून चैत्रातल्या जत्रेला देवीपुढे पहिला नारळ शिपायाच्या घरचा. तो मान कोण घेतो, तुम्ही बघताच. साईनाथ. गुलाबी फेटा बांधून, छाती काढून.

आता चांगोच्या घरात बाया होत्या दोन. थोरली आवडी, धाकटी अंबूबाई. साईनाथ आवडीचा नातू आणि कमलेश अंबूबाईचा. गाव म्हणायचं, आवडी लग्नाची आणि अंबू ठेवलेली. कशावरून? तर चांगोची पेन्शन आणायला तालुक्याच्या कचेरीत जायची ती आवडी. सरकार पेन्शन कोणाला देतं? लग्नाच्या बायकोला. आवडी मेली आणि पेन्शन बंद झाली, अंबूबाई जिवंत असून तिने कधी अर्जसुद्धा केला नाही. झालं. गावाने निकाल देऊन टाकला, आणि गावाचा निकाल कोर्टापेक्षा पक्का.

कमलेशला हे किती लागत असेल, विचार करा. दोघांची घरं समोरासमोर. जत्रेला मंडप कमलेशचा, लाउडस्पीकर कमलेशचे, आणि त्याच लाउडस्पीकरवर नाव साईनाथचं! नारळ फुटला की लोक टाळ्या वाजवायचे आणि हा मागे वायरी सोडवत बसायचा. साईनाथने गाडी घेतली तेव्हा नाही इतकं, साईनाथच्या पोराला नोकरी लागली तेव्हा नाही इतकं, त्या एका नारळाने त्याचं काळीज जळायचं. आपली आजी ठेवलेली, हे त्याला जेवतानासुद्धा आठवायचं.

म्हणून त्याने गुपचूप बेळगावला पलटणीच्या दप्तराला पत्रं लिहायला घेतली. शिपायांच्या जुन्या पेन्शनीच्या नोंदींवर बापाचं, गावाचं, बायकोचं, सगळी नावं असतात, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. वर्ष गेलं पत्रापत्रीत. आणि दिवाळीनंतर एका लिफाफ्यातून नक्कल आली. शिपाई चांगो. गाव आपलं. बापाचं नाव बरोबर. आणि खाली, पेन्शन घेणारी पत्नी... अंबूबाई. शेजारी डाव्या हाताचा अंगठा.

गड्याला आभाळ ठेंगणं झालं. म्हातारी आई, विमलबाई, तिलाही त्याने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती. दगडावर चांगोच्या नावाखाली पत्नी म्हणून कोणाचं नाव घालायचं, ते तिथे ठरणार होतं. भर सभेत फ्रेम टेबलावर ठेवायची आणि साईनाथचा चेहरा बघायचा. बस, एवढं एकच सुख त्याला हवं होतं.

फ्रेमवाल्याने काच बसवली, मागून खिळे मारले, चिकटपट्टी लावली. कमलेशने ती वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातली, पिशवी हँडलला अडकवली आणि निघाला. साडेआठ वाजून गेले होते. थंडी पडायला लागली होती. गडी गाणं गुणगुणत होता म्हणे.

उल्हास नदीच्या पुलाशी एक म्हातारी उभी. लुगडं, डोईवर पदर, पाय अनवाणी. तिने हात केला.

"कळंबच्या बाजूला जातोस का रं?"

"जातो की, आजी. बसा. धरून बसा."

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला रस्त्यात सोडत नाहीत. ती बसली. बाईक जराही खाली दबली नाही, पण ते त्याला नंतर आठवलं. तेव्हा तो खुशीत होता, आणि खुशीतला माणूस बडबडतो.

"पिशवीत काय रं एवढं जपून?"

"माझ्या आजीची अब्रू हाय, आजी." असं म्हणून त्याने सगळं सांगितलं. चांगो शिपाई, पेन्शन, साईनाथचा फेटा, उद्याची सभा. "बघाच तुमी. उद्या त्याची जिरवतो. त्याची आजी, ती आवडी, जन्मभर खोटी मिरवली."



पूल संपला. मग म्हातारी म्हणाली, "थांबव गाडी. मला वाचून दाखव."

"आत्ता? अंधारात?"

"मला वाचाया येत नाय. दाखव."

काय झालं त्याला, कुणास ठाऊक. त्याने गाडी कडेला घेतली. इंजीन बंद केलं. वर्तमानपत्र सोडलं आणि मोबाइलचा उजेड काचेवर धरला. ती शेजारी येऊन उभी राहिली. कुठेतरी कुत्रं भुंकत होतं, ते गप्प झालं.

"पेन्शन घेणारी पत्नी, अंबूबाई," त्याने वाचलं.

"फुडं?"

"फुडं काय नाय."

"दुसरं नाव नाय?"

"नाय, आजी."

"नीट बघ रं."

"एकच हाय. अंबूबाई."

  नदीचं पाणी तेवढं ऐकू येत होतं.

"त्यानं लिवून दिलं होतं, लढाईला जाताना," ती म्हणाली. "बायकोचं नाव काय, म्हनून सायबानं इचारलं आसंल. दोगी होतो आमी. त्याला एकच आठवली."

कमलेशने कागदावरून नजर काढून तिच्याकडे बघितलं. दोगी होतो... आमी?

"आजी, तुमी कोणाच्या?"

"आन् आंगठा कोनाचा?"

"आं?"

"कागदावरचा. कोनाचा?"

"अं... अंबूबाईचाच."

म्हातारी हसली नाही. रागावली नाही. डावा हात तिने हळूच पुढे केला, उजेडात.

अंगठा निळा होता. शाईने. ओला.

"तो गेल्याची तार आली तवा अंबू बाळंतीन. खाटंवर. पेन्शनीचा सायेब दारात. म्हनाला, अंबूबाई कोन? घरात पोरं होती रं. चूल होती. मी म्हनलं... मीच."



"तवापास्नं दर खेपेला. कचेरीत इचारायचे, नाव काय गं बाई? मी सांगायची, अंबूबाई. नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाय, पन सवतीचं घेतलं. जिच्यावर जळली, तिचंच नाव. मरस्तवर."

"आवडी... आजी?"

तिने मान वर केली. किती वर्षांनी कुणी त्या नावाने हाक मारली असेल तिला. पदराखाली काय दिसलं, ते कमलेशने मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

"आता दगडावरबी तिचंच?"

त्याने उजेड परत नावावर नेला.

"सांग की रं... तिचंच?"

मग तिने स्वतःच मान हलवली. 

"नाव तिचं हाय. ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आंगठा माझा. तो नेते."

तिने काचेवर अंगठा टेकवला. हलकेच.

मोबाइल विझला.

...

तो घरी कसा आला, त्याला आठवत नाही. विमलबाई दारात बसली होती. याने बोलण्याआधी फ्रेमवरचं वर्तमानपत्र सोडलं. काच शाबूत. खिळे जागच्या जागी, चिकटपट्टी तशीच. नाव होतं, अंबूबाई. शेजारी, जिथे अंगठा होता, तिथे कोरा कागद.

"आये," तो म्हणाला, "आवडीआजी कचेरीत काय नाव सांगायची?"

विमलबाईचा चेहराच उतरला. "तुला कुनी सांगितलं? सासूबाईंनी मला मरताना सांगितलं, आन् कुनाला बोलू नको म्हनाल्या. आवडीबाय त्यांच्या नावानं आंगठा द्यायच्या म्हनून दोन्ही घरची पोरं जगली. त्या गेल्या आन् पेन्शन गेली. सासूबाई कोनत्या आंगठ्यानं मागनार? म्हनून गप ऱ्हायल्या. ठेवलेली म्हनून घेतलं, पन गप ऱ्हायल्या."

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेला मीही होतो. कमलेश मागच्या रांगेत, मांडीवर गुंडाळलेली फ्रेम. सरपंचांनी विचारलं, पत्नी म्हणून आवडीबाईंचं नाव घालायचं ना? साईनाथ मिशीला पीळ देत बसला होता. कमलेश उभा राहिला. त्याने एकदा साईनाथकडे बघितलं. नाव त्याच्या काखेत होतं रे! काढायचा अवकाश होता. वर्षभर ज्यासाठी जळला, ते हाताशी होतं.

"पत्नी एवढंच लिवा," तो म्हणाला. "फुडची जागा मोकळी सोडा."

साईनाथ तावातावाने उठला, दोन तास वाद झाला, आणि शेवटी कंटाळून सगळ्यांनी तेच मान्य केलं. मान साईनाथकडेच राहिला. नारळ तोच फोडतो. कमलेश अजून मागे वायरी सोडवतो आणि अजून जळतो, खोटं कशाला सांगू? पण आवडीचं नाव कुणी वावगं घेतलं तर आधी तोच अंगावर जातो.

सव्वीस जानेवारीच्या आदल्या संध्याकाळी दगड बसवला. मी जातीने बघितला, आरशासारखा गुळगुळीत. वर चांगो, खाली पत्नी आणि पुढे मोकळी जागा. रात्रभर त्यावर कमलेशच्या मंडपाचं कापड बांधलेलं होतं. सकाळी झेंडावंदनानंतर सरपंचांनी कापड ओढलं...

घडवणारा पाथरवट शपथा घेत होता, मी नाही केलं म्हणून. नंतर त्याने घासून बघितलं, भोकं बुजवायचं लुकण भरून बघितलं, ते राहत नाही. सकाळी उजेडी शाळेकडे जा आणि 'पत्नी'च्या पुढे हात लावून बघा. मळलेल्या पिठात दाबावा तसा अंगठा उमटलाय दगडात, रेघान्‌रेघ. डाव्या हाताचा. वैशाखातल्या उन्हातसुद्धा तेवढी जागा बोटाला ओली लागते.

आणि बोट नाकाशी नेलं, तर शाईचा वास येतो.