चाळिसावा फॉर्म

कॅन्टीनच्या कूपनची रांग समजून तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला.

"दोन इडली, एक कॉफी."

"इडली नाही, फॉर्म आहे," मी म्हणाले. "सात दिवस इन्स्टाग्राम बंद. रोज दुपारी येऊन फोन दाखवायचा. मध्येच उघडलं तर फॉर्म बाद. माझ्या एमएस्सीच्या प्रोजेक्टला चाळीसजण हवेत, एकोणचाळीस झालेत."

"सरी! मग मी चाळिसावा." त्यानं सही केली. अभिराज. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतच राहिलेलं घर, त्यामुळे 'ठीक आहे'ला 'सरी' म्हणायचा, मराठीत मध्येच कन्नड डोकवायचं. मी निपाणीची. मला ते नुसतं ऐकत बसावंसं वाटायचं.

रोज यायचा, बाह्या दुमडून, दोन्ही हातांत कॉफी घेऊन. तिसऱ्या दिवशी तर 'मॅडम'वरून थेट 'रंजिता'वर आला.

"शून्य मिनिटं. आता स्वल्प हस की!"

"मोजणाऱ्यांनी हसायचं नसतं."

"मग डोळे का हसतायत?"

मी मान खाली घालून शून्य लिहायचे... कान मात्र तापायचे.

आणि इतरांचं व्यसन मोजणारी मी? दिवसातून शंभरदा फोन बघायचे. त्याला दिसणार नाही हे माहीत असूनही त्याच्याचसाठी साडीतला फोटो टाकला. तासाभरात लाइक किती? अकरा! आपण दिसायला अगदीच यथातथा, असं ठरवून मी तो काढूनही टाकला.

पाचव्या दिवशी त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसला. तो आल्या आल्या मी फणकारले, "तू आज इन्स्टा उघडलंस!"

"हो, चार मिनिटं. पण मी फोन कुठे दाखवला अजून? तुला कसं कळलं?"

मी माझा फोन घाईघाईनं पालथा ठेवला.

"तुझा फोटो बघायला उघडलं," तो हळूच म्हणाला. "तुझी मैत्रीण शिवलीला सांगत होती, साडीत छान दिसतेस म्हणून. मिळालाच नाही. का काढलास?"

"अकराच जणांना आवडला."

"मला विचारलंस?"

मी त्याचा फॉर्म पुढे ओढला. शून्य लिहिलं असतं तर कुणाला कळलं असतं? दहा दिवसांनी, सोमवारी प्रोजेक्ट द्यायचा होता, आणि चाळीस नसतील तर गाईड मॅडम तो हातातही घेणार नव्हत्या. तरी मी फॉर्मवर आडवी रेघ मारली.

"बाद. दोन कारणांनी. एक, ती चार मिनिटं. आणि दुसरं..."

किती जणांना आवडेल हे बघून बोलणारी मी, आज एकाच्याही मनातलं माहीत नसताना बोलणार होते. पण बोलायचंच, ठरलं होतं.

"दुसरं — मला तू आवडतोस. आवडत्या माणसाची मोजणी खरी होत नाही."

तो खुर्ची ओढून समोर बसला.

"आता सोमवारचं काय?"

"चाळिसावा शोधणार. नाहीच मिळाला तर मॅडमना खरं सांगून मुदत मागणार."

"मग दे कोरे फॉर्म. लायब्ररीपासून सुरू करू." तो उठला. "आणि रंजिता... मलाही तू आवडतेस. खूप."

त्यानं एका हातात फॉर्म घेतले, दुसऱ्या हातात माझा हात. कॅन्टीनमधले सगळे बघत होते. मी तो सोडवला नाही.