हातमोज्यांचा प्रश्न

सुनावणीची खोली म्हणजे पूर्वीची पॅकिंगची खोली. एक खुर्ची, एक पाण्याची बाटली आणि भिंतीत बसवलेला स्पीकर. संज्योत बिराजदार खुर्चीवर टेकली, तसा भिंतीतून मऊ आवाज आला.

"घाबरू नका. आधी पाणी घ्या."

या यंत्राचं नाव निवाडा. कंपन्यांमधल्या तक्रार समित्या जाऊन ही लवादयंत्रं आली तेव्हा लोकांना बरंच वाटलं होतं. यंत्राची साहेबाशी ओळख नसते, ते कुत्सित हसत नाही. फक्त नेमणुकीच्या करारात एक कलम असे: तक्रार निवाड्यापुढेच करायची, न्यायालयात नाही, आणि आपली तक्रार बाहेर कुणाला सांगायची नाही. सांगितली तर नोकरी गेली. संज्योतनं सही केली तेव्हा तिचं सगळं लक्ष 'ऊतिसंवर्धन शास्त्रज्ञ' या हुद्द्याकडे होतं. सोलापूरजवळच्या या प्रयोगशाळेत बाटल्यांमध्ये डाळिंबाची रोपं वाढवत, आणि तिला हेच काम हवं होतं.

कायद्यात एक फट होती. एकाच माणसाविरुद्ध दोघींनी मिळून तक्रार केली, तर प्रकरण खुल्या न्यायालयात नेता येई. पण तोंड बंद ठेवायला बांधलेल्या दोघींना एकमेकींचा पत्ता लागणार कसा?

"डॉक्टर नाईकनवरेंनी मला वाढकक्षात बोलावलं," संज्योत सांगू लागली. नाईकनवरे म्हणजे उत्पादन प्रमुख, तिचे साहेब. "रोपं बघायची आहेत म्हणाले. आत आम्ही दोघंच होतो. मग ते..."

निवाड्यानं विचारलं, "त्यांनी तुम्हाला हातमोजे काढायला सांगितले का?"

संज्योतनं मान वर करून स्पीकरकडे पाहिलं. सांगितले होते. 'बघू, हात किती गार पडलेत,' असं म्हणून त्यांनी तिचे हात धरले होते, आणि मग सोडले नव्हते. पण हे तिनं अजून उच्चारलंही नव्हतं.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझ्याकडे फक्त तुमच्या प्रकरणाची नोंद आहे. निकाल लागला की प्रत्येक नोंद पुसली जाते."

तिनं उरलेलं कसंबसं सांगितलं. शेवटी आवाज तितक्याच मऊपणे म्हणाला, "साक्षीदार नाही. तुमच्या शब्दाविरुद्ध त्यांचा शब्द आहे. निकाल उद्या मिळेल." असा निकाल कसा लागतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं: बदली, आणि तीही तक्रार करणारीची.

ती आपल्या टेबलाशी परतली. समोरच्या मांडणीवर काही बाटल्यांत काळी बुरशी धरली होती. बाटल्या वेगवेगळ्या बायकांनी भरलेल्या, बुरशी मात्र एकच. नवीन असताना ती अशा वेळी बाटली भरणाऱ्या बाईवरच चिडायची. तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या महानंदाताईंनी तिला चांगलंच सुनावलं होतं. "हातांना कशाला दोष देतीस? सगळ्या बाटल्या कुठनं आल्या ते बघ की आधी!"

संज्योत बुरशीकडे बघत राहिली. निवाडा खोटं बोलला नव्हता. नोंदी पुसल्या जात होत्या. पण असं यंत्र प्रत्येक सुनावणीतून शिकतं, पुढच्या वेळी काय विचारायचं ते ठरवतं. नोंद जाते, शिकलेलं उरतं. जिथे बोटभर उघडी त्वचा चालत नाही, तिथे 'हातमोजे काढायला सांगितले का' हा प्रश्न कुणाला आपसूक सुचणार नाही. तो कुणीतरी शिकवला होता. त्याच खुर्चीवर बसून, रडत किंवा न रडता.

जेवणाच्या सुट्टीनंतर कपडे बदलायच्या खोलीत नेहमीसारखी गडबड होती. कुणी टोपीत केस कोंबत होतं, कुणी मास्क बांधत होतं.

"काय गं शास्त्रज्ञबाई, तोंड का उतरलंय?" महानंदाताईंनी हटकलं. "उपाशी बसलीस का काय?"

संज्योतनं हातमोज्यांची जोडी उचलली. तक्रारीबद्दल बोलायला बंदी होती. हातमोज्यांबद्दल तर इथे रोज बोलणं व्हायचं. तरीही हे शब्द साहेबांपर्यंत पोचले तर नोकरी जायला उद्यापर्यंतही थांबावं लागणार नव्हतं.

"ताई, एक विचारू?" ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "वाढकक्षात गेल्यावर हातमोजे काढायला सांगतात का कुणाला?"

"येडी का काय! रोपं मरतील की," कुणीतरी हसलं. कोपऱ्यातली एक मात्र हसली नाही. तिचा अर्धा चढवलेला हातमोजा तसाच राहिला.

महानंदाताईंनी दाराकडे पाहिलं, दार लोटून घेतलं. मग घातलेला हातमोजा सावकाश उतरवून त्यांनी आपला खरबरीत, उघडा हात संज्योतच्या हातावर ठेवला.

"मी बी एक विचारते," त्या हळूच म्हणाल्या. "'हात किती गार पडलेत', असं तुला बी म्हणाला का गं त्यो?"