एक्केचाळीस नंबरचा बिल्ला

रॉटरडॅमच्या पश्चिमेला, मास नदीच्या काठी, एक जुनी सुकी गोदी आहे. जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी उपसायचं आणि मग माणसांनी खाली उतरून त्याचं पोट खरवडायचं, अशी. आता तिच्यात वाळू भरून वर बॅटऱ्यांचं गोदाम उभं करायचं घाटत होतं. खेमेन्टेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, बचाव समितीला एकच वाट ठेवली होती. नोव्हेंबरातल्या एका रविवारी तिथे शंभर माणसं जमवून दाखवा, मग जागा वापरात आहे असं धरू आणि वाळू थांबवू.

समिती म्हणजे मुळात योगिनी. पत्रं तिची, सह्या तिने दारोदार हिंडून गोळा केलेल्या. फेब्रुवारीत ती गेली. तिच्या नवऱ्याने, जयप्रकाशने, तिची फाईल उचलली, थंडीत तिची तुळस उचलून आत ठेवली तशीच. दुःख म्हणावं तर तेही धड होत नव्हतं. दाढी करताना हात गालावरून फिरे आणि तो गाल दुसऱ्याच कुणाचा वाटे.

शंभर माणसं कशाला येतील? तर कीर्तनाला! फोरबर्गच्या आसावरीताई आठवडाभर बँकेचं सॉफ्टवेअर तपासतात आणि शनिवार-रविवारी नऊवारी नेसून चिपळ्या हातात घेतात. त्यांचा आवाज लागला की समोरचा माणूस आपण कुठल्या देशात बसलोय ते विसरतो. कीर्तन गोदीलगतच्या सुतारशाळेत ठरलं.

फाटकाबाहेर फळ्याशी योप बसला होता. वय ऐंशीच्या पुढे, त्यातली पन्नास वर्षं याच गोदीत. फळ्यावर शंभर खिळे, शंभर पितळी बिल्ले. आत जाताना आपला बिल्ला घ्यायचा, बाहेर पडताना त्याच खिळ्याला अडकवायचा.

"एक जरी खिळा रिकामा दिसला, तर पाणी सोडायचं नाही," योप म्हणाला. "कुणीतरी अजून खाली आहे."

"आता कुठे पाणी सोडताय?" जयप्रकाशने विचारलं.

"वाळूलाही तोच नियम." योप हसला नाही.

तीन वाजता समितीतला गौरव धापा टाकत आला. "काका, नव्याण्णव! एकच कमी. त्या कुत्रा फिरवणाऱ्याला म्हटलं, बाबा रे, जेवण फुकट आहे. तर म्हणतो, मी साडेपाचला घरी जेवतो."

फळ्यावर एकच बिल्ला लटकत होता. एक्केचाळीस. योगिनी नेहमी तोच घ्यायची. ओळखीच्यांनी तो मुद्दाम सोडून शेजारचा उचलला होता. जयप्रकाशच्या खिशात चाळीस होता. मोजणीला आलेल्या खेमेन्टेच्या बाईंनी घड्याळ पाहिलं. "कीर्तन संपलं की फळा मोजेन. नव्याण्णव म्हणजे नव्याण्णवच हां."

ताईंनी नावाड्याचं आख्यान लावलं होतं. पूर्वरंग संपला, हार घातला, आणि बुक्याची वेळ झाली. ताईंच्या दरवर्षीच्या कीर्तनात हे काम योगिनीचं असे. या वर्षी ती चांदीची डबी जयप्रकाशच्या हाती आली. तो एकेका रांगेतून निघाला. कपाळ, बोट, कपाळ, बोट. मराठी कपाळं, गुजराती कपाळं, शेजारच्या गल्लीतल्या दोन डच म्हाताऱ्यांची कुतूहलाने पुढे केलेली कपाळं. कशाचंच काही वाटत नव्हतं.

शेवटची रांग गोदीकडच्या उघड्या दाराशी होती. तिथून खालच्या शेवाळाचा वास येत होता. कडेची खुर्ची रिकामी होती. कीर्तन कुठेही असो, चपलांशेजारची अशी जागा योगिनीची. चालत्या लयीत त्याचा हात तिकडेही गेला.

बोटाला कपाळ लागलं.

गार होतं. ओलं होतं.

त्याने पाहिलं. खुर्ची रिकामीच.

पेटीचा सूर चढला. तो डबी मिटून जागेवर जाऊन बसला.

आरती झाली. बाईंनी फळा बोटाने मोजला, पुन्हा मोजला. एकही बिल्ला नव्हता. "शंभर," त्या म्हणाल्या आणि कागदावर सही केली. गौरवने उडीच मारली.

"शेवटचा कुणी नेला?" जयप्रकाशने योपला हळूच विचारलं.

"मी जागचा हललो नाही," योप म्हणाला. "कुणी आलं नाही."

मंडळी प्रसाद घेऊन पांगली. बिल्ले परत खिळ्यांवर चढले. ताई चपला घालताना थबकल्या. "जयप्रकाशराव, बुका लावणाऱ्याला कुणीतरी उलट लावावा लागतो, मघापासून मनात होतं. पण तुम्हाला लावलेला दिसतोय. कुणी लावला?"

त्याने कपाळाला हात लावला. बोटं काळी झाली.

फळ्यावर नव्याण्णव बिल्ले होते. एक्केचाळीसचा खिळा रिकामा.

योप विजेरी घेऊन गोदीची शिडी उतरला. खाली जहाज टेकवायचे लाकडी ओंडके, शेवाळ, डबकी. त्याने दोनदा हाक मारली. वर येऊन त्याने जाड वहीत तारीख लिहिली आणि पुढे लिहिलं, 'एक आत.'

घरी जयप्रकाशने डबी देवापुढे ठेवायला घेतली. ती जड लागली. उघडली. बुक्यात रुतून पितळी बिल्ला होता. एक्केचाळीस.

हा उद्या खिळ्यावर लावला, की वहीप्रमाणे ती बाहेर. मग तिथे पाणी सोडा नाहीतर वाळू टाका, योपची हरकत उरायची नाही. त्याने झाकण लावलं.

खेमेन्टेची सही असूनही उन्हाळ्यात गोदामवाल्या कंपनीचे वाळूचे ट्रक एकदा फाटकाशी आले. योपने वही दाखवली, फळा दाखवला. ड्रायव्हर हसले. पण त्यांचा मुकादम खाली जाऊन आला आणि त्याने हातानेच ट्रक वळवायची खूण केली. ट्रक माघारी गेले.

जयप्रकाश दर रविवारी गोदीवर जातो, चाळीस नंबर घेतो, परत लावतो. बिल्ल्याबद्दल त्याने कुणाला सांगितलेलं नाही.

संध्याकाळी घरी आला की डबी उघडतो. घरात हीटर चालू असतो, खिडक्या बंद असतात.

बुका ओला असतो. आणि त्यात, बोट बुडवून काढल्यासारखा, एक ताजा खळगा असतो.