तिसरी चौकट

वजनकाटा कॅमेऱ्यांच्या दुकानातला नव्हता. ओकिहारानं तो शेजारच्या मासळीवाल्याकडून मागून आणला होता, आणि त्याला सुक्या मासळीचा वास मारत होता. हिसाएनं आधी त्यावर रुमाल अंथरला, मग बॅग ठेवली.

"तीन किलो चारशे," ओकिहारा चष्मा कपाळावर चढवून म्हणाला. "बाई, कॅमेरे घेताय की बटाटे?"

"तीनच्या वर एक ग्रॅम नको. डॉक्टरांनी सांगितलंय."

"तुम्हाला?"

"ह्यांना."

'हे' म्हणजे शुन्जी. तो दाराशी उभा राहून बाजारपेठेतली मांजरं बघत होता आणि आपल्याविषयी काही बोलणं चाललंय हे ऐकूच येत नसल्यासारखं दाखवत होता. सव्वीस वर्षं त्यानं समोरच्या बेटावर जाणारी होडी चालवली होती. निवृत्त झाल्यावर त्याला एकच काम उरलं, ते म्हणजे बायकोची बॅग वाहणं. ओनोमिचीत हे काम सोपं नाही. इथं अर्धं गाव डोंगरावर, आणि डोंगरावर जायला फक्त दगडी पायऱ्या. वर राहणाऱ्या म्हाताऱ्यांना खाली हिसाएच्या फोटो स्टुडिओत येणं जमत नाही, म्हणून ती वर जाते. जाते कशाला, तर त्यांचा मागं ठेवायचा फोटो काढायला. आपण गेल्यावर फुलांमध्ये जो फोटो मांडतात तो. मुलांनी ऐनवेळी कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून आपलं डोकं कापून मोठं करावं, त्यापेक्षा जिवंतपणीच चांगले कपडे घालून, मनासारखा काढून ठेवलेला बरा. इथल्या शहाण्या माणसांचं असंच मत आहे.

वसंतात शुन्जीच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पायऱ्या चढा, हळूहळू चढा, पण ओझं तीन किलोच्या वर नाही. हिसाएची जुनी बॅग आठ किलोंची होती. "तुम्ही आता घरीच बसा," असं ती एकदा बोलून गेली, तर हा तीन दिवस तोंड पाडून बसला. जेवणावरून सुद्धा मन उडालं. तेव्हा हिसाएनं मनाशी ठरवलं, माणूस बदलता येत नाही तर बॅग बदलू.

"झूम घ्या ना एक," ओकिहारा म्हणाला. "एका लेन्समध्ये सगळं काम."

"आणि एकटीच पाऊण किलोची. नको. झूमनं माणूस आळशी होतो."

मग तिनं स्वतःच मांडणी केली. तेवीसची लेन्स लहान खोल्यांसाठी, जिथं मागं सरकायला भिंत आड येते. छप्पन्नची चेहऱ्यांसाठी.

"आणि मधली पस्तीसची?"

"मधली लागली तर मी दोन पावलं चालेन."

बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, मात्र दोन हव्यात, यावर ती ठाम होती. चारशे पायऱ्या चढून गेल्यावर कॅमेरा रुसला तर नव्वदीच्या माणसाला 'पुढच्या महिन्यात येते' असं म्हणायचं कोणत्या तोंडानं? एक बॉडी तिनं नवी घेतली. दुसरी ओकिहारानं कपाटातून काढली. जुनी, लहानशी, तळहातावर मावणारी. ओकिहारा प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधतो आणि चिठ्ठीत खोटं लिहीत नाही, म्हणून तर हिसाए त्याच्याकडे येते. ह्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'दोनदा परत आला. दोष सापडला नाही.'

"परत का आला?"

"विचारलं मी. दोघंही म्हणाले, फोटो छान येतात. पण कॅमेरा ठेवायचा नाही." ओकिहारानं खांदे उडवले. "गिऱ्हाइकाच्या मनाला औषध नाही, बाई."

काट्यावर आकडा आला, दोन किलो सातशे. शुन्जीनं दारातून येऊन बॅग खांद्याला लावली आणि दुकानातल्या दुकानात एक चक्कर मारली. शाळेच्या पहिल्या दिवशी दप्तर मिळालेल्या मुलासारखा त्याचा चेहरा फुलला होता. हिसाएला इतकं बरं वाटलं की चिठ्ठीचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.

पहिली फेरी कियोनोआजींकडे होती. अठ्ठ्याऐंशीच्या, एकट्या राहणाऱ्या, तोंडाला फटकळ. आजींनी राखाडी किमोनो घातला होता आणि खिडकीजवळ दोन उशा मांडल्या होत्या. त्यातल्या एकीवर त्या बसल्या.

"लवकर आटपा. हसून हसून गाल दुखतात माझे."

"अजून तुम्ही हसलाच कुठं, आजी?"

हिसाएनं जुन्या बॉडीला छप्पन्नची लावली होती. हे डिजिटल कॅमेरे चेहरा आपला आपण शोधतात आणि पडद्यावर त्याभोवती पिवळी चौकट काढतात. फोटोत ती येत नाही, फक्त काढणाऱ्याला दिसते. साठी उलटल्यापासून हिसाएची नजर संध्याकाळपर्यंत थकायची, तेव्हा ह्या चौकटीचा तिला आधारच वाटायचा.

चौकट आजींच्या चेहऱ्यावर बसली. मग दुसरी चौकट उमटली, शेजारच्या रिकाम्या उशीच्या वर. बसलेल्या माणसाचं डोकं जितक्या उंचीवर येईल, तितक्या उंचीवर.

हिसाएनं मागं पाहिलं. लाकडी फळी होती, फळीत गाठी होत्या. यंत्रच ते, गाठींना डोळे समजलं असेल. तिनं फळीवर पांढरं कापड टाचलं. चौकट तिथंच राहिली. एकदा ती किंचित कलली, कुणी मान तिरकी करावी तशी.

"आता काय झालं?" आजींनी विचारलं.

"काही नाही. ही दुसरी उशी कुणासाठी हो?"

"एक मांडली की बरं नाही वाटत," आजी म्हणाल्या, आणि अशा मोकळ्या हसल्या की हिसाएकडून बटण आपसूक दाबलं गेलं.

फोटो अप्रतिम आला. फटकळपणा, एकटेपणा, सगळं होतं त्यात, पण त्यावर एक निवांतपणा पसरला होता. आजींनी तो बराच वेळ पाहिला आणि दोघं निघताना शुन्जीच्या हातात पर्सिमनची चार पिकलेली फळं कोंबली.

पुढच्या महिन्याभरात सात घरं झाली. सातही ठिकाणी माणसांपेक्षा एक चौकट जास्त निघाली. हिसाए काही भोळी बाई नव्हती. तिनं लेन्स बदलून पाहिली, खोली बदलली, दिशा बदलली. नव्या बॉडीत काहीही दिसत नव्हतं. ओकिहारानं तासभर तपासून दोष नसल्याचं सांगितलं. त्याच्या दुकानात मोजून दोन चौकटी आल्या, एक त्याची आणि एक शुन्जीची. आणि फोटो? फोटो असे येत होते की तीस वर्षांत तिला तसे कधी जमले नव्हते. माणसं समाधानी दिसत. 'हा आपला' असं म्हणत आणि फोटो छातीशी धरत. असा कॅमेरा कोण परत करील? तिनं नाही केला. शुन्जीला तिनं यातलं काही सांगितलं नाही. तो पडद्यात डोकावतच नसे. घरच्यांबरोबर चहा पीत जुन्या होडीच्या गोष्टी सांगण्यात तो गुंग असायचा.

नोव्हेंबरात इसोमात्सुआजोबांकडे जाणं झालं. अगदी वरचं घर, खाली सगळा समुद्र. आजोबा एक्याण्णवचे, फुकूआजी शहाऐंशीच्या. एकेकट्याचे फोटो झाले, मग आजोबा म्हणाले, आता जोडीनं काढा. शुन्जीवर त्यांचा भारी जीव जडला होता.

"तू पण ये रे, खलाशा. बस आमच्याजवळ."

"छे छे, तिघं नको!" फुकूआजी ओरडल्याच. "तिघांच्या फोटोत मधला आधी जातो. एवढंही कळत नाही?"

"जाऊ दे की. एक्याण्णवला आणखी कितीसा उशिरा जाणार?"

"गप्प बसा!" आजी उठून आतून एक लाकडी बाहुली घेऊन आल्या आणि शुन्जीच्या मांडीवर ठेवली. "हं, झाले चार."

सगळे पोट धरून हसले. हिसाएही हसली. ही समजूत तिला नवी नव्हती. गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी तिच्या स्टुडिओत अशी एक बाहुली कायम असायची. तिचा स्वतःचा विश्वास मात्र नव्हता. तिघांचे हजारो फोटो काढले होते तिनं, आणि मधले कितीतरी जण रोज बाजारात भेटत होते.

बाहुलीचा फोटो नव्या बॉडीत निघाला. मग फक्त जोडीचा, तो तिनं सवयीनं जुन्या बॉडीत घेतला. जिन्याच्या बाजूला आजी, पलीकडं आजोबा. आणि आजोबांच्याही पलीकडं, भिंतीला लागून, तिसरी चौकट.

मध्ये आजोबा होते.

बारा दिवसांनी ते गेले. रात्री पोटभर जेवून झोपले ते उठलेच नाहीत. फुलांमध्ये हिसाएनं काढलेला फोटो होता. फुकूआजींनी तिचे दोन्ही हात धरले. "कसे छान दिसतायत बघ. असं मरण मागून मिळत नाही गं."

एक्याण्णव वर्षांचा माणूस. ह्यात नवल ते काय? घरी येताना हिसाएनं हेच स्वतःला चारदा सांगितलं, आणि घरी आल्यावर जुनी बॉडी टेबलाच्या खणात ठेवून खण लावला.

त्यानंतरच्या आठवड्यात बॅग शुन्जीनं भरली. काम आटपून दोघं उतरत होती. ऊन छान पडलं होतं. देवळाखालच्या वळणावर दगडी बाक आहे, एका टोकाला पायऱ्या, दुसऱ्या टोकाला कापराचं झाड. शुन्जी बाकावर टेकला, कपाळ पुसलं, आणि बॅगेतून जुनी बॉडी काढली.

"ही कशाला आणलीत?" हिसाएचा आवाज चढला.

"अगं, सगळं गाव म्हणतं ह्यातले फोटो झकास येतात. सगळ्या गावाचे काढतेस, मग नवऱ्यानं काय पाप केलंय? काढ माझा एक. मागं ठेवायचा."

"काहीतरीच काय बोलता! अजून वेळ आहे त्याला."

"वेळ आहे तेव्हाच काढायचा असतो. हे तूच सांगतेस ना लोकांना?"

तिनं कॅमेरा डोळ्यासमोर धरला.

पिवळी चौकट शुन्जीच्या चेहऱ्यावर बसली. दुसरी त्याच्या शेजारी, झाडाच्या बाजूला. इतर घरांमध्ये हातभर अंतर असायचं. इथं दोन्ही चौकटींच्या कडा एकमेकींना लागल्या होत्या.

"जरा पायऱ्यांकडे सरका बघू."

तो सरकला. ती चौकटही सरकली.

"आणखी."

तो टोकाला आला. ती त्याच्या मागोमाग आली.

"अगं, आता काय खाली पाडतेस का मला?" तो हसत होता. गार वाऱ्यानं त्याचे पांढरे केस उडत होते. चाळीस वर्षं बघितलेला हा चेहरा तिला त्या क्षणी इतका हवासा वाटला की तिनं बटणावरचं बोट उचललं. "हे बघ, माझं एकट्याचं राहू दे. तू ये इथं. टायमर लाव, जोडीनं काढू."

ती कॅमेरा बंद करू शकली असती. पण बंद केल्यानं काय होणार होतं? कॅमेरा कुणाला आणत नव्हता, फक्त दाखवत होता. न बघितल्यानं ते उठून थोडंच जाणार?

तिनं कॅमेरा समोरच्या कठड्यावर ठेवला. टायमर लावला. लाल दिवा लुकलुकू लागला.

"इकडून ये, पायऱ्यांच्या बाजूनं. मी सरकतो."

"नाही." ती झाडाच्या बाजूनं आली. "तुम्ही तिथंच बसा."

मधला आधी जातो, ही तीस वर्षं न मानलेली गोष्ट तिनं त्या दिवशी मानली. शुन्जीला खांदा लावून ती त्याच्या आणि झाडाच्या मध्ये बसली.

बाकाच्या त्या भागावर सावली होती. दगड मात्र कोमट होता.

"तुला खरं सांगू?" शुन्जी समोर बघत म्हणाला. "ती बॅग हलकी केलीस ना, फार चांगलं केलंस. मला वाटलं होतं, संपलं आपलं बरोबर फिरणं."

"वेडे आहात," ती म्हणाली, आणि तिला खरोखर हसू आलं.

कॅमेरा वाजला.

फोटोत दोघंच होती. मागं समुद्र, बेट, एक होडी. शुन्जीनं फोटो लांब धरून, जवळ धरून बघितला आणि बेहद्द खूश झाला. कितीतरी दिवसांनी त्याच्या गालांवर रंग चढला होता. दमही लागलेला दिसत नव्हता.

"आता तुझा एकटीचा," तो म्हणाला. "बस तिथंच. मी काढतो. तुझा मेलीचा एकही फोटो नाही घरात."

"तुम्हाला जमणार आहे का?"

"त्यात काय जमायचंय? चौकट आली की दाबायचं, तूच तर सांगतेस सगळ्यांना."

ती बसून राहिली. गुडघ्यांवरचं कापड तिनं सारखं केलं. मन कसं शांत होतं, सगळी कामं आटपल्यावर दुपारी असतं तसं. शुन्जी पाय फाकवून उभा राहिला. एक डोळा मिटला. मग दोन्ही उघडले.

"अगं हिसाए, ह्याला काय झालंय बघ. चौकट तुझ्यावर बसतच नाहीये. सारखी शेजारी जातेय, झाडाकडं."

हिसाएनं झाडाकडच्या दगडावर तळहात ठेवला.

"जरा हल बघू. मान वर कर. छे, तू ह्याला दिसतच नाहीयेस. थांब, नवा काढतो बॅगेतून."

"राहू दे," ती म्हणाली. "ह्यातच काढा. तसाच."