गुरुवारची काच

मी आर्किटेक्ट. थापाड्या म्हणूनही माझी ख्याती आहे. दोन्ही धंद्यांत कल्पनाशक्ती लागते. तेव्हा विश्वास ठेवायचा की नाही, ते आपण चहा संपेपर्यंत ठरवा.

खराडीत एक जुना प्रेसशॉप होता. पत्रा ठोकून गाड्यांचे भाग काढायचे तिथे. तो पाडल्यावर ती जागा अस्मिताबाईंनी घेतली. सूक्ष्मदर्शकाची भिंगं करायचा त्यांचा कारखाना. खाली काम, वर ऑफिस, असा आराखडा मी काढत होतो. त्यांची अट एकच.

"फरशी हलता कामा नये. केसभर हलली तरी भिंग वाया. होतं नव्हतं ते विकून आलेय मी इथे."

पाया खणण्याआधी माझी इंजिनियर नम्रता जमिनीची थरथर मोजायला गेली. दुपारी तिचा फोन.

"सर, इथे प्रेस चालू आहे."

"शेजारी असेल."

"शेजारी सॉफ्टवेअरवाले आहेत. ते फक्त कीबोर्ड बडवतात."

मी गेलो. मोकळं मैदान, विटांचे तुकडे, वाळलेलं गवत. कानाला काहीच नाही. पण तळपायाला... धप्. जरा थांबून, धप्. आणि तापल्या मातीतून जळक्या ऑइलचा वास. जेवणाच्या सुट्टीला ते थांबलं. सुट्टी संपली, पुन्हा सुरू.

"शिस्तीचे आहेत," नम्रता म्हणाली.

गुरुवारी मात्र दिवसभर शांत. पुण्यातल्या जुन्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. मेल्यावरही ती कोण सोडतो?

अस्मिताबाई हे ऐकून घाबरतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मग बारीक पॉलिश गुरुवारी करू. आपली सुट्टी रविवारी. त्यांचं त्यांना, आपलं आपल्याला."

इमारत झाली. वर्षभर सुरळीत चाललं.

परवाच्या गुरुवारी मी आणि नम्रता सहज डोकावलो. काचेच्या खोलीत सगळे पांढऱ्या हातमोज्यांत, कामावर वाकलेले. आम्हालाही मोजे घालायला लावले. आणि तेवढ्यात, धप्. लगेच पुन्हा धप्. नेहमीपेक्षा घाईत.

अस्मिताबाईंनी हातातलं भिंग उजेडात धरलं, बाजूला ठेवलं. वाया गेलं.

फाटकावरचे भीमराव दारापर्यंत आले होते. मूळचे त्याच प्रेसशॉपातले.

"आज कसं काय हो?" मी विचारलं.

"ओव्हरटाइम असंल. सुट्टीच्या दिशी माणूस पेंगतो, साहेब..."

धप्. धप्. आणि मध्येच थांबलं. जेवणाची वेळ नव्हती.

भीमरावांनी टोपी काढली. "प्रेस असा मधीच थांबला, म्हंजी..."

त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या प्रेसखालीच गेलेली.

खोलीत कुणी हलेना. हातमोजे काढायला कुणी पुढे होईना. शेवटी अस्मिताबाईंनी आपले काढले, मग एकेकाने. आपापली बोटं पाहिली. सगळ्यांची शाबूत. कुणीतरी हसलंसुद्धा.

मोजे टेबलावर पडले होते, चुरगळलेले, रिकामे. नम्रताने ते गोळा करायला हात पुढे केला, आणि मागे घेतला.

त्यातल्या एकाची करंगळी अजून ताठ उभी होती.