चौदा तासांची शांतता

दोन्ही तळहात कानांवर ठेवा बरं. अगदी घट्ट. रस्त्यावरचा हॉर्न विरला? शेजारचा टीव्ही मंदावला? आता कल्पना करा, की कपाटाहून थोडी मोठी अशी एक पांढरी खोली आहे. भिंती वीतभर जाड. दार तिजोरीसारखं जड. ते लागलं, की बाहेरचं जग जणू कुणी घडी घालून फडताळात ठेवून दिलं. आणि ही खोली आहे कुठे? एका निळ्या व्हॅनच्या पोटात! आणि व्हॅन उभी आहे जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात, बोल्ट घडवणाऱ्या एका कारखान्याच्या अंगणात, जिथे दिवसभर यंत्रं लोखंडावर घण घालत असतात.

केलीत कल्पना? मग ते जड दार आता हळूच उघडू या. कारण तनयाही तेच करते आहे.

तनयाचं काम कान तपासण्याचं. कारखान्या-कारखान्यांतून तिची व्हॅन फिरायची आणि कामगारांना किती ऐकू येतं ते ती नोंदवायची. वडील सुधाकरराव विमा कंपनीच्या बदलीवर साताऱ्याहून इथे आले आणि मानसरोवरात कायमचे राहिले. तनया तिथेच वाढली. त्या दिवशी जेवणाची सुट्टी संपवून तिनं केबिनचं दार ओढलं... आणि ती थबकली.

आत खुर्चीत एक तरुण गाढ झोपला होता.

"भैया... ओ भैया!"

"आई, पाचच मिनिटं," तो डोळे न उघडता पुटपुटला. चक्क मराठीत!

"पाच मिनिटांनीही आई येणार नाहीये," तनया हसू दाबत म्हणाली, आणि तिनं त्याच्या खांद्याला पेनानं हलकेच टोचलं. "उठा आता."

तो दचकून उठला, कपाळ हेडफोनच्या खुंटीला आपटलं, आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"सॉरी मॅडम! मी परीक्षित. इथं मशीनच्या देखभालीला असतो. तपासणीला पहिला नंबर लावू म्हणून आत बसलो, तर दार लागलं... आणि अहो, काय जागा आहे ही! आधी भीतीच वाटली. मग कधी डोळा लागला, कळलंच नाही."

"भीती? शांततेची?"

"मी इचलकरंजीचा की! आमच्या घरातच माग. रात्रंदिवस खटखट. लहानपणी माग बंद पडला, की मी रडत उठायचो म्हणे."

तनया हसली. बोलताना तिच्या लक्षात आलं, हा माणूस डोळ्यांकडे बघतच नाही. त्याची नजर तिच्या ओठांवर खिळलेली. तिचे कान गरम झाले. धीट आहे हं, तिला वाटलं. पण त्या नजरेत आगाऊपणा नव्हता. एखादं मूल पुस्तक वाचतं ना, तसा तो तिच्याकडे बघत होता.

तपासणी झाली. हेडफोनमध्ये सूर वाजला, की त्यानं बटण दाबायचं. खालच्या सुरांना त्यानं बटण दाबलं. वरच्या, बारीक सुरांना मात्र तो नुसताच बसून राहिला. तनयाच्या कागदावरची रेघ उतरत उतरत पार खाली गेली.

"कानात बोळे घालता ना काम करताना?"

"देतात की कंपनीतून. खिशात असतात. मशीनचं दुखणं आवाजावरनं कळतं हो, बोळे घातले तर मला काय कळणार?"

तनयानं कपाळाला हात लावला. "ऐका. गोंगाटात कान थकतात. थकलेले असतील, तर परत ताजे होतात. गेले असतील, तर... मतलब, ते आत्ता सांगता येत नाही. चौदा तास कुठलाही मोठा आवाज कानावर पडू द्यायचा नाही. मग पुन्हा तपासू."

"चौदा तास? जयपुरात? ऐन लग्नसराईत?" तो मोठ्यानं हसला. मग हसू ओसरलं. "माझ्या आईला आता कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, मॅडम. तिलाही कुणी सांगितलं नव्हतं, की कान जातायत." त्यानं तिच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. "माझे... थकलेच असतील ना?"

त्याला हो म्हणावं, असं तनयाला फार वाटलं. पण तिनं नुसतीच कागदावर तारीख घातली.

परीक्षितचा फ्लॅट जगतपुऱ्यात, एका बाजूला रेल्वे आणि दुसऱ्या बाजूला दोन मॅरेज गार्डन. पहिल्या खेपेला नऊ तास झाले, आणि खिडकीखाली वरात आली.

"खिडक्या लावायच्या ना!" तनया फोनवर रागावली.

"लावल्या होत्या. पण नवरदेवाचे काका वर आले. म्हणाले, घोडी अडून बसलीये, जरा खाली येऊन नाचा, म्हणजे ती पुढं सरकेल."

"आणि तुम्ही नाचलात."

"घोडीसाठी हो!"

दुसऱ्या खेपेला कुणाच्या तरी जनरेटरनं घात केला. तिसऱ्या खेपेला काहीच झालं नव्हतं; तरी त्यानं अकराव्या तासाला स्वतःच टीव्ही लावला. का, ते सांगेना. प्रत्येक वेळी कबुलीजबाब द्यायला मात्र तो न चुकता यायचा, मानसरोवरच्या मेट्रो स्टेशनखालच्या चहाच्या टपरीवर. आणि तनया? ती मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या थाटात त्याला दटावायची, पण तिथे जाण्याआधी आरशापुढे उभं राहून फिकट गुलाबी लिपस्टिक लावायची. त्या नजरेसाठी. आपल्याकडे असं कुणी आजवर पाहिलंच नव्हतं, असं तिला वाटायचं.

एका संध्याकाळी थंडी फार होती. स्कूटरवरून उतरताना तनयानं मफलर नाकापर्यंत ओढून घेतला होता. तो तसाच ठेवून ती म्हणाली, "आज मी तुमच्यावर चिडलेय, माहीत आहे?"

परीक्षित प्रसन्न हसला. "हो, आलं घातलेला. दोन सांगितलेत."

तिला आधी थट्टाच वाटली. "परीक्षित, मी चहाचं बोलत नाहीये."

"बिस्किटं पण सांगू?"

तनयाचा हात हळूहळू वर गेला. तिनं मफलर खाली ओढला. "मी... चिडलेय, म्हणाले."

"अरे देवा! का?" तो लगेच म्हणाला. त्याची नजर पुन्हा तिच्या ओठांवर, तशीच एकाग्र.

आणि तनयाच्या लक्षात आलं. तो तिला पाहत नव्हता. तो तिला वाचत होता!

"तुम्ही ओठांवरून ऐकता," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

ग्लास दोन्ही हातांत फिरवत तो म्हणाला, "मागाच्या खोलीत सगळेच तसं बोलतात. आवाजच पोचत नाही, मग तोंडं बघायची. लहानपणापासूनची सवय. मला वाटायचं, सगळी दुनिया अशीच ऐकते."

तनया चहा तसाच ठेवून घरी परतली. आरशासमोरची ती लिपस्टिक तिनं ड्रॉवरमध्ये टाकली. तिला स्वतःची लाज वाटत होती. कान तपासणारी म्हणवते, आणि समोरच्याला ऐकू येत नाही हे तिला कळलं नाही! का? तर त्या नजरेला तिनं स्वतःच एक अर्थ देऊन टाकला होता, आणि तो तिला गोड वाटला होता.

पण रुसवा एका बाजूला, आणि एका माणसाचे कान एका बाजूला. दुसऱ्या दिवशी तिनं व्हॅनचे चालक मुरलीधरजी यांना विचारलं, परीक्षितला एक रात्र तुमच्याकडे राहता येईल का. त्यांचं गाव जगतपुऱ्याच्या पलीकडे, टेकडीआड. व्हॅन रविवारी तिथेच उभी असायची, एका जुन्या बावडीपाशी. बावडी म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांनी खोल खोल उतरत जाणारी विहीर.

"भेज दो बाईसा," मुरलीधरजी मिशीत हसले. "हमारे यहाँ तो मोर भी पूछकर बोलता है."

शनिवारी संध्याकाळी सहाला परीक्षित तिथे पोचला. रविवारी उजाडायच्या आधीच तनया निघाली. बरोबर तिची आठ वर्षांची भाची निशिगंधा होती. एकटीनं जाणं बरं दिसेना, आणि निशिगंधाला घरी ठेवणं कुणाला झेपेना. ती जागी असली, की बोलत असायची.

पोचल्या तेव्हा परीक्षित पाठीला पिशवी लावून मुरलीधरजींच्या फाटकाबाहेर निघालेला.

"कुठे निघालात? अजून तास राहिलाय!"

"नको, तनया. जातो मी." पहिल्यांदाच तो तिला नावानं हाक मारत होता. "रात्रभर बसलो होतो. गोंगाटात सगळेच बहिरे असतात. तिथं मी चारचौघांसारखा असतो. इथं... इथं मी एकटाच बहिरा आहे. त्या दिवशी टीव्ही पण त्यासाठीच लावला."

तनयाला त्याच्या हाताला धरून थांबवावंसं वाटलं. तेवढ्यात निशिगंधानंच तो हात धरला. "अंकल, मला खाली बघायचंय. मावशी एकटीला सोडत नाही. चला ना!"

आठ वर्षांच्या मुलीला कोण नाही म्हणणार? ती तिघं उतरू लागली.

पहिला टप्पा उतरले, आणि रस्त्यावरच्या ट्रकचा आवाज गळून पडला. दुसऱ्या टप्प्यावर कुत्री भुंकायची थांबली. निदान तसं वाटलं. तिसऱ्या टप्प्यावर वारा वरच राहिला. भिंती उंच उंच होत गेल्या, आभाळ रुमालाएवढं झालं. शेवटच्या पायरीशी हिरवं पाणी होतं, इतकं निश्चल की त्यात दुसरी बावडी उलटी उतरत गेलेली. निशिगंधाचं बोलणं मध्येच तुटलं. तिघंही नकळत खाली बसली. शेकडो वर्षं माणसं इथे घडे घेऊन उतरली असतील, भांडली असतील, हसली असतील. आता ते सगळे आवाज जणू त्या पाण्यानं पिऊन टाकले होते.

बऱ्याच वेळानं परीक्षितनं डोळे मिटले. ओठांकडे बघायचं नाही, असं त्यानंच ठरवलं असावं.

"पारव्याचे पंख," तो हलकेच म्हणाला. मग, "थेंब. कुठंतरी डावीकडं." आणि थोडं थांबून, "तुझ्या बांगड्या."

तनयानं हात आवरला नाही. उलट मुद्दाम थोडासा हलवला.

"आणि तो पक्षी!" निशिगंधा कुजबुजली. भिंतीतल्या रोपट्यावर एक इवलासा शिंजीर बारीक आवाजात त्सी-त्सी करत होता. "अंकल, ऐकू येतो ना?"

परीक्षितनं डोळे उघडले. पक्ष्याची चोच हलताना त्याला दिसत होती. त्याचा चेहरा पडला. "नाही गं. कसा बोलतो तो?"

निशिगंधानं कपाळाला आठ्या घालून विचार केला. "मतलब... लिंबू चावल्यावर दातांना कसं होतं? तसं कानाला होतं. पण छान वाटतं."

परीक्षित पक्ष्याकडे पाहत राहिला, आणि हळूहळू त्याच्या ओठांवर हसू आलं, जणू लिंबू खरंच जिभेवर आलं होतं.

आठ वाजता वर व्हॅनमध्ये येऊन तो केबिनमध्ये बसला. दार लागलं. केबिनच्या छोट्या काचेच्या खिडकीअलीकडे तनया सूर सोडत गेली आणि कागदावर खुणा करत गेली. गेल्या वेळी खाली कोसळलेली रेघ आता वर चढत होती... चढत होती... आणि अगदी शेवटी, दोन सर्वांत बारीक सुरांपाशी पुन्हा घसरली.

तिनं माइक सुरू केला. "खरं सांगू?"

"खरंच सांग."

"बरेचसे थकलेले होते. ते परत आलेत. शेवटचे दोन सूर गेले, ते आता येणार नाहीत. यापुढे बोळे खिशात राहिले, तर बाकीचेही जातील."

काचेपलीकडे तो हातातल्या बटणाकडे बघत राहिला. मग मान वर केली. "म्हणजे पक्षी गेला. बांगड्या राहिल्या. चालेल."

तिनं घाईनं पुढचा कागद घेतला. "आता शब्द. मी तोंडापुढे फाइल धरणार. जे ऐकू येईल, ते जसंच्या तसं म्हणायचं."

"म्हणजे तुझा चेहरा नाही दिसणार?"

"नाही. सवय आहे ना वाचायची, म्हणून."

"सवय वाचायची होती," तो म्हणाला. "गेले कित्येक दिवस वाचून झाल्यावरही बघत बसतो. ते तुझ्या लक्षात आलं नाही वाटतं."

बरं झालं, फाइल तोंडापुढे होती! तिचा चेहरा त्या गुलाबी लिपस्टिकहूनही गुलाबी झाला होता.

"पाणी," ती म्हणाली.

"पाणी."

"अंगण."

"अंगण."

प्रत्येक शब्दागणिक ती आवाज बारीक करत गेली. यादी संपली. बटण शेवटच्या खुणेवर होतं. याहून हळू आवाज त्या यंत्राला ठाऊकच नव्हता. तनयानं श्वास घेतला. श्वासाहूनही हलक्या आवाजात, यादीत नसलेलं काहीतरी ती बोलली.

केबिनमध्ये तो स्तब्ध झाला. एक क्षण... दोन क्षण... तिला वाटलं, नाही पोचलं.

"मला," परीक्षित सावकाश म्हणाला, एकेक शब्द ओंजळीत धरल्यासारखा, "तुझी... सवय झाली आहे."

तनयानं फाइल खाली केली. त्याचे डोळे मिटलेले होते आणि पापण्या ओल्या होत्या. तिनं ते जड दार ओढून उघडलं. तो उठून उंबऱ्याशी आला. तिचा हात त्याच्या हातात होता.

आणि निशिगंधा? व्हॅनच्या पायरीवर बसून तिनं सगळं पाहिलं होतं. ती उठली, दोघांच्या मधून वाकून आत शिरली, खुर्चीवर चढून बसली आणि दोन्ही हातांनी ओढून ते दार तिनं लावून घेतलं. हेडफोन तिनं घालून पाहिले, पण ते फार मोठे होते. ते तिनं काढून मांडीवर ठेवले. काचेतून दिसत होतं, आधी तिचं तोंड काहीतरी सांगायला उघडलं होतं. मग ते तसंच राहिलं. पाय हलायचे थांबले. डोळे मोठे मोठे झाले, जणू अगदी जवळून कुणी तिला हाक मारली होती. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मग अगदी हळू, आपला उजवा तळहात आपल्याच छातीवर ठेवला.