चर्चचं मागचं दार

पटवून द्यायला मी बसलेलो नाही. देवपूरला माझ्या घरी या, तळहातावरचे वण दाखवतो.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. शिरपूरजवळच्या एका गावात चर्च वाढवायचं काम मी घेतलं होतं. मंडळी वाढली होती, रविवारी निम्मे लोक बाहेर उन्हात बसायचे. म्हणून बाजूला नवा हॉल आणि सगळ्यावर नवे पत्रे.

जुन्या इमारतीच्या मागच्या भिंतीत एक बुटकं दार होतं. ते फक्त शवपेटीसाठी. आतले लोक पेटी बाहेरच्यांच्या हातात द्यायचे आणि स्वतः मोठ्या दाराने फिरून यायचे. जिवंत माणसाने तो उंबरा ओलांडायचा नाही, अशी तिथली रीत.

चर्चचे पाळक म्हणाले, नव्या हॉलला तसं दार काढू, हे बुजवा. बुजवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माणसं लिंबाखाली आडवी झाली. कालच्या विटांवर पाणी मारायला मी एकटाच आत गेलो.

बादली टेकवली… आणि मागे मोठं दार लागलं.

वारा नव्हता. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी पानसुद्धा हलत नाही.

ढकललं. खांदा लावला. हलेना.

जीवराम माझा गवंडी. त्याला घसा फुटेपर्यंत हाका मारल्या. बाहेर तो कोणाशी तरी हसत होता, मला स्पष्ट ऐकू येत होतं. माझं मात्र त्याला ऐकू जात नव्हतं.

खिडक्यांना गज. मोबाईल पिशवीत, झाडाखाली. डोक्यावर तापलेले पत्रे. श्वास पुरेना. लपवत नाही, मी रडलो.

मग… टक. टक.

बुजवलेल्या दारावर. बाहेरून.

वाटलं, आलं कोणीतरी. कालचंच काम, माल अजून कच्चा होता. थापीने उकरलं, विटा हातांनी ओढल्या, तळहात सोलले. त्या भगदाडातून सरपटत बाहेर आलो.

बाहेर कोणीच नव्हतं.

चर्च झाडणाऱ्या सुनंदाबाई लिंबाखालून उठून आल्या. मला बघून त्यांनी तोंडाला पदर लावला.

"ह्या दारमाईन जित्ता माणूस येत नही, भाऊ."

मी काही बोलणार, तोच आतून कोणीतरी मोठं दार बडवलं.

"जीवराम… दार उघड रे…"

आवाज माझा होता.

जीवरामने दार नुसतं लोटलं, तर उघडलं. आत बादली होती, बाकी कोणी नाही. त्याने एकदा आत पाहिलं, एकदा मला.

"मधमा कोन शे मंग, नाना?"

आत कोण होतं, हे बघायला मी थांबलो नाही.

उरलेलं काम त्यानेच पुरं केलं. मी परत गेलो नाही. रविवारी हॉल भरतो म्हणे आता. पण दुपारी चर्च रिकामं असलं की…

परवा त्याचा फोन आला. मी जेवत होतो, म्हणून स्पीकरवर टाकला.

"नाना, आते तो वहिनीनं नाव लिसनी हाका मारस," म्हणाला, आणि त्याने फोन चर्चच्या भिंतीला लावला.

"कोकिळा… घरी ने गं मला…"

बायको माझ्या ताटात भाकरी वाढत होती. भाकरी तिच्या हातातच राहिली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

ती उठली आणि दाराशी चपला शोधायला लागली.